पांढऱ्या भट्टीशेजारची जागा

शुक्रवारी सकाळी सात वाजता आमच्या घरात व्हिएन्ना लागायचं. ‘लागायचं’ हा बाबांचा शब्द, टीव्हीवर मालिका लागते तसा. साडेसहालाच त्यांची आंघोळ झालेली असायची, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून ते हाक मारायचे, "ये गं, लागेल आता."

बाहेर ऑकलंडमधल्या टाकानिनीचा फेब्रुवारी, म्हणजे भर उन्हाळा. आमची वसाहत नवी, झाडं अजून माणसाच्या खांद्याएवढीच, त्यामुळे सातलाच ऊन थेट हॉलमध्ये यायचं आणि टीव्हीवर काही दिसायचं नाही. मग मी पडदे ओढायचे. पडदे ओढले की आमच्या हॉलमध्येही तिकडच्यासारखा अंधार व्हायचा. तिकडे गुरुवारची संध्याकाळ असायची, हिवाळ्यातली.

तिकडची गाइड चाळिशीची बाई होती. फोन एका दांडीला लावून, व्हिडिओ कॉल चालू ठेवून ती चालायची आणि चालताचालता इंग्लिशमध्ये माहिती सांगायची. ही भेट फक्त आमच्यापुरती असायची. बाबांनी अशा तीन ठरवल्या होत्या. पहिल्या शुक्रवारी जुनं नाट्यगृह, दुसऱ्या शुक्रवारी चित्रांचं संग्रहालय, तिसऱ्या शुक्रवारी राजवाडा. लोकांची वेळ संपल्यावर तिला खास परवानगीने आत सोडायचे, म्हणून कुठेच माणूस नसायचा. तिच्या टाचांचा आवाज लाकडी जमिनीवर वाजायचा आणि थोडा उशिरा पुढच्या खोलीतून परत यायचा. आरसा आला की ती फोन वळवायची, त्यामुळे आरशात ती कधी दिसली नाही. एक उजेड तेवढा सरकताना दिसायचा.

या तिन्ही ठिकाणी आई जाऊन आली होती. आम्ही दोघं तिच्या मागून चाललो होतो, दीड वर्ष उशिरा. आई गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. त्याआधी बाबांना एकच गोष्ट हवी होती. ती जिथे उभी राहिली होती, ती एक तरी जागा बघायची.

"मी गेलो असतो तर बघितलीच असती ना," असं ते म्हणाले होते, भेटी ठरवल्या त्या दिवशी, चहा गाळताना, माझ्याकडे पाठ करून.

आई गेली होती ती एका मराठी ग्रुप टूरबरोबर. पुण्याहून निघालेली वीस-बावीस माणसं, बहुतेक जोडपी. आई ऑकलंडहून जाऊन त्यांना व्हिएन्नात मिळाली. बुकिंग दोघांचं होतं. पण निघायच्या तीन आठवडे आधी बाबांच्या ऑफिसातलं नवं सॉफ्टवेअर चालू करायची तारीख सरकली आणि नेमकी टूरवर येऊन बसली.

"तू जाऊन ये," बाबा म्हणाले. "राजवाडे काय, सगळे सारखेच. झुंबरं आणि गालिचे."

"सारखे आहेत का, तेच बघून येते," आई म्हणाली.

ती रोज फोन करायची. तिची सकाळ, माझी संध्याकाळ. मी तेव्हा टौरंगाला नुकती नोकरीला लागले होते, किवीफळं पॅक करणाऱ्या एका कंपनीत. खोक्यांवरची चित्रं, लेबलं, जाहिराती हे माझं काम. घरी परतताना बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागे गाडी अडकलेली असायची आणि आई स्पीकरवर.

"बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी आहे ना, तर सगळे तिथे पिशव्या ठेवतात. काल एक बाई म्हणाल्या, तुमचे मिस्टर फारच शांत आहेत हो, काही बोलतच नाहीत. मी म्हटलं, घरीपण असेच असतात."

मी हसले. मागून कोणीतरी हॉर्न दिला.

रोज रात्री ती फोटो पाठवायची. सगळ्या फोटोंत आई उजव्या कडेला. इतकी कडेला की कधीकधी तिचा खांदा बाहेर जायचा. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आई, हे कोण काढतंय? तू फ्रेमच्या बाहेर चाललीयेस."

"मुद्दाम. टूर मॅनेजर बिचारा ओरडतो, काकू, मध्ये या, मध्ये या. मी म्हणते, तू काढ रे, हे येतायत मागून." ती स्वतःशीच खूश होती. "डावीकडे बाबांना जागा ठेवलीय. तू त्यांना तिथे घाल. करता ना तुम्ही ते कॉम्प्युटरवर? वाढदिवसाला अल्बम देऊ. तोंड बघण्यासारखं होईल त्यांचं."

"स्वीट ॲज, चालेल. नंतर करते."

"त्यांचा फोटो मात्र नीट काढ हं. तो निळा कोट घालायला लाव. गॅरेजच्या दारासमोर उभं कर, ते पांढरं आहे."

"हो गं. हीप्स काम आहे आत्ता, ढीगभर. नंतर."

मी आठव्या वर्षी इथे आले. पुण्यातही इंग्लिश शाळेतच होते. आई मराठीत विचारायची आणि मी अशी उत्तरं द्यायचे, निम्मी इंग्लिश, निम्मी दारातून बाहेर पडताना. आता हे मराठीत लिहायला बसलेय, तर प्रत्येक वाक्याला थांबावं लागतं. थांबायला माझी हरकत नाही.

फोटोतून माणूस कापून दुसऱ्या फोटोत बसवणं मी आठवड्यातून चारदा करते. जाहिरातींतल्या फळबागांत हसत उभी असलेली कुटुंबं कधीच एकत्र उभी राहिलेली नसतात. आजोबा एका फोटोतले, नात दुसऱ्या. एका फोटोला फार तर तासभर लागतो. आईने घरी आल्यावर एकदा आठवण करून दिली. ऑक्टोबरमध्ये बाबांचा वाढदिवस आला आणि गेला, तेव्हा म्हणाली, "असू दे, पुढच्या वर्षी." त्यात राग नव्हता. राग असता तर मी केलं असतं, असं मला वाटतं.

मार्चमधल्या एका दुपारी ओटाहुहूच्या फार्मसीत, जिथे ती काम करायची, तिथे ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

त्यानंतर बाबांनी अल्बम केला. मला न सांगता, तीन शनिवार-रविवार बसून. तो छापून आला त्या दिवशी मी घरी होते. जाड पानं, वर आईचं नाव. बाबांनी तो टीपॉयवर ठेवला आणि हात पुसून मग पहिलं पान उघडलं.

प्रत्येक फोटोत आई बरोबर मधोमध होती.

"हिला फ्रेमिंग कधी कळलंच नाही," बाबा म्हणाले. "जिथेतिथे निम्मा फोटो रिकामा. सगळे क्रॉप करून नीट केले. बघ, आता कशी दिसते."

छान दिसत होती. डाव्या बाजूची ती सगळी जागा गेली होती. सुधारलेले फोटो बाबांनी मूळ फोटोंवरच सेव्ह केले होते. एकाच गोष्टीच्या दोन प्रती ठेवल्या की त्यांचं डोकं दुखतं.

"छान झालाय," मी म्हणाले.

मूळ फोटो आता फक्त माझ्या फोनमध्ये होते. टौरंगाला परत गेल्यावर मी ते बघायला लागले. आईकडे बघवायचं नाही, म्हणून डावीकडे बघायचे. भिंतीवरचा सोनेरी कागद, खिडकीची चौकट, एका फोटोत पुढे निघून गेलेल्या कोणाचा तरी बूट. मोठं करकरून बघायचे. तिथे कोणी नव्हतं, पण ते नसणं माणसाच्या मापाचं होतं. उंची बाबांएवढी, रुंदी बाबांएवढी. आईने अंदाज बरोबर घेतला होता.

मग ते माप मला इतर ठिकाणी दिसायला लागलं. गाडीत शेजारच्या सीटवर पर्स ठेवली की मी ती उचलून मागे टाकायचे. घरी बाबा सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायचे आणि मी समोर खुर्चीत. उरलेल्या सोफ्यावर पाहुणेही बसायचे नाहीत. त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आईच्या मैत्रिणी यायच्या, अल्बम चाळायच्या, "किती प्रसन्न आलेत फोटो," म्हणायच्या, आणि मी पाणी आणायला आत जायचे.

मग बाबांनी त्या तीन भेटी ठरवल्या, आणि मी शुक्रवारी घरून काम करण्याची परवानगी मागून गुरुवारीच टाकानिनीला यायला लागले.

पहिल्या शुक्रवारी, नाट्यगृहात, बाबा अल्बम मांडीवर उघडून बसले होते. आई एका लाल खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. बाबांनी गाइडला विचारलं, ही खुर्ची सापडेल का? त्यांनी अल्बमचं पान टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. गाइडने फोन सावकाश फिरवला. लाल खुर्च्या, ओळीमागे ओळ, वर मजल्यांवर मजले, सगळ्या रिकाम्या, सगळ्या आमच्याकडे तोंड करून.

"इथे, कदाचित?" ती म्हणाली.

"असेल," बाबा म्हणाले. "इथेच कुठेतरी."

मला ओळ माहीत होती. मूळ फोटोत डावीकडे खांब होता आणि खांबावर पितळी आकडा.

दुसऱ्या शुक्रवारी संग्रहालयात तेच झालं. अल्बमच्या पानात आई आणि मागे हिरवी भिंत. तिथल्या निम्म्या खोल्यांना हिरव्या भिंती होत्या. आई ज्या चित्राशेजारी उभी होती ते चित्र बाबांनी कापलं होतं. त्या चित्रात एक म्हातारी मासे साफ करत बसलेली होती. गाइड तिच्यासमोरून दोनदा गेली. म्हातारीने दोन्ही वेळा आमच्याकडे बघितलं. जागा सांगितली तर मला कशी माहीत ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की आईने जागा का ठेवली होती तेही. मग मी ‘नंतर’ म्हणाले होते, तेही.

त्या दिवशी भेट संपल्यावर बाबांनी पडदे उघडले नाहीत. टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, ते सोफ्यावर, मी खुर्चीत.

"एवढे फोटो आहेत," ते म्हणाले. "एकही जागा सापडू नये?"

तिसऱ्या शुक्रवारी ते पहाटेच उठले असावेत. मी खाली आले तेव्हा टीव्ही लावून निळ्या पडद्यासमोर बसले होते. अल्बममध्ये राजवाड्याचा एकच फोटो होता. फिकट सोनेरी भिंत आणि आई, पिवळी ओढणी घेतलेली.

गाइड आत शिरली. बाहेर बर्फ पडत होता, तिने केस झटकले तेव्हा दोन थेंब कॅमेऱ्यावर आले आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळ्या खोल्या त्या थेंबांतून बघितल्या. ती राण्यांच्या, राजपुत्रांच्या गोष्टी सांगत होती. बाबा ऐकत नव्हते. दर खोलीत ते पुढे वाकायचे, अल्बम टीव्हीशेजारी उंच धरायचे आणि म्हणायचे, "प्लीज, ती भिंत." ती भिंत दाखवायची. सोनेरी. पुढची खोली. सोनेरी.

नवव्या की दहाव्या खोलीत कुठूनतरी किल्ल्यांचा आवाज आला. गाइड थांबली. म्हणाली, पहारेकरी वाट बघतोय, अजून पाच मिनिटं. तुम्हाला कोणती खोली पुन्हा बघायची आहे का?

बाबांनी अल्बम खाली घेतला. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, एक बाई आणि एक भिंत. ते पान उलटंसुलटं करून बघत होते, जसं काही मागच्या बाजूला उरलेली खोली असेल.

"नो," ते म्हणाले. "थँक यू. इट इज ओके."

मी खुर्चीतून उठले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"तीन खोल्या मागे," मी गाइडला इंग्लिशमध्ये म्हणाले. "कोपऱ्यात पांढरी चिनी मातीची भट्टी आहे, खोली गरम करायची. कपाटाएवढी उंच. तिच्या शेजारी."

तीन शुक्रवारांत माझा आवाज गाइडने पहिल्यांदाच ऐकला. "अच्छा, तुम्हीही आहात तर," असं काहीसं ती म्हणाली आणि वळली. टाचा वाजायला लागल्या. दार, दार, दार.

बाबा माझ्याकडे बघत होते. "तुला कसं माहीत?"

मी फोन काढला. मूळ फोटो शोधावा लागला नाही, तो वरच होता. त्यांच्या हातात दिला. टीव्हीवर तेव्हाच ती भट्टी आली, पांढरी, सोनेरी नक्षीची, आणि तिच्या शेजारी चार फूट रिकामी जमीन. बाबा एकदा फोनकडे, एकदा टीव्हीकडे बघत होते. फोनमध्ये आई भट्टीपासून लांब, उजव्या कडेला होती. टीव्हीवर आई नव्हती. मधली जागा दोन्हीकडे तशीच होती.

"ही एवढी बाजूला का उभी आहे?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यासाठी जागा ठेवली होती. सगळ्या फोटोंत. मला म्हणाली होती, बाबांना तिथे घाल. वाढदिवसाला द्यायचं होतं." मला पुढचं वाक्य मराठीत जुळवायला वेळ लागला. "मी नंतर करते म्हणाले. मग केलंच नाही. तुम्ही अल्बम केलात, तेव्हाही सांगितलं नाही."

गाइडला शब्द कळत नव्हते, पण तिने फोन हलवला नाही. किल्ल्या पुन्हा वाजल्या. ती कोणाला तरी तिच्या भाषेत हळू काही बोलली आणि किल्ल्या थांबल्या. बराच वेळ आमच्या टीव्हीवर ती रिकामी जागा स्थिर होती. मग बाबांनीच "थँक यू, मॅडम" म्हणून भेट बंद केली.

ते रागावतील असं मला वाटत होतं. मी वाट बघत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला, ऑफिसातली चूक शोधताना नेतात तसा.

"हात बघितलास का हिचा?"

मी बघितला नव्हता. इतके महिने मी डावीकडेच बघत होते. आईचा उजवा हात कोपरात वाकलेला होता, अंगापासून थोडा लांब, जसा कोणाच्या तरी हातात अडकवलेला. अल्बममध्ये तो कोपर कापला गेला होता.

"लग्न झाल्यावर ही असा हात धरायला बघायची," बाबा म्हणाले. "लक्ष्मी रोडवर. मी सोडवून घ्यायचो. चारचौघांत काय, म्हणायचो." मग फोटो आणखी मोठा करून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, एवढे फोटो एकसारखे चुकतील कसे."

फोन परत देताना फक्त म्हणाले, "निळा कोट वर कपाटात असेल. ड्रायक्लीनच्या पिशवीत."

मी कोटाबद्दल त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. विचारलंही नाही. कदाचित आईने त्यांना कधी तरी सांगितलं असेल, की हा कोट तुम्हाला बरा दिसतो. कदाचित त्यांच्याकडे दुसरा चांगला कोटच नसेल.

साडेआठला आम्ही गॅरेजच्या पांढऱ्या दारासमोर होतो. ऊन तिरपं होतं. फेब्रुवारीच्या उन्हात लोकरीचा कोट, खाली ऑफिसची पँट आणि घाईत पायात सरकवलेल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला.

"जँडल्स दिसतील," मी म्हणाले.

"पाय कापायला तुला सांगायला नको."

हे ते हसून म्हणाले नाहीत, पण मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या हाताला आहे ती?"

"तुमच्या डाव्या."

त्यांनी डावा हात कोपरात वाकवला आणि अंगापासून थोडा लांब धरला. मी फोन वर केला. तेवढ्यात शेजारचा गोरा म्हातारा कुत्रा घेऊन आमच्या घरासमोर आला. रोज येतो. तो थांबला, कोटाकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, बाबा आता हात खाली घेतील.

"किया ओरा," बाबा म्हणाले. हात तसाच.

"मॉर्निंग," म्हातारा म्हणाला आणि उगीचच टोपी थोडी उचलली. बाबांना की त्यांच्या डावीकडे, ते मला नक्की कळलं नाही.

मी तीस-चाळीस फोटो काढले. प्रत्येक फोटोत त्यांचं डोकं किंचित डावीकडे कललेलं आहे, कोणी हळू आवाजात बोलत असेल आणि ऐकायला खाली वाकावं लागत असेल तसं. मी त्यांना तसं उभं राहायला सांगितलेलं नव्हतं.

त्या रविवारी टौरंगाला मी पहिला फोटो केला, भट्टीचा. बाबा त्या जागेत बसले, इकडेतिकडे काही करावं लागलं नाही. त्यांचा कोपर तिच्या कोपराला लागला. फक्त सावली जुळेना. राजवाड्यात उजेड उजवीकडच्या खिडकीतून येत होता, त्यामुळे आईची सावली डावीकडे पडलीय, बाबांच्या दिशेने. आमच्या गॅरेजसमोर ऊन दुसऱ्या बाजूचं होतं, त्यामुळे बाबांची सावली उजवीकडे पडलीय, तिच्या दिशेने. बाबांचा फोटो आरशासारखा उलटा केला असता तर जुळलं असतं. पण मग वाकवलेला कोपर तिच्यापासून लांब गेला असता, घड्याळ उजव्या मनगटावर आलं असतं आणि भांग दुसऱ्या बाजूला गेला असता, आणि आईने ते लगेच ओळखलं असतं.

कामाच्या ठिकाणी असा फोटो मी कोणाला दाखवला नसता. हा तसाच ठेवला. बाबांना पाठवला, तेव्हा त्यांनी बराच वेळ बघितला असावा, कारण उत्तर तासाभराने आलं.

"बाकीचे कधी करतेस?"

"आत्ता," मी मराठीत लिहिलं, आणि नाट्यगृहाचा फोटो उघडला.